फळांचा मोसम आणि घरचे काम



चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन. मी विषय कळवला तो फणस, आंबा, केळे आणि अननस ह्यांचा. चिटणीसांनी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ज्याने आयुष्य गेटसभेत घालवले त्याने चुलीपाशी काय करावे, असा प्रश्न आपल्यापैकीही काहींच्या मनात असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. जिथे काम आहे तिथे कामगार आहे, आणि जिथे कामगार आहे तिथे मला बोलण्याचा अधिकार पोचतो. आंब्या-फणसाच्या दिवसांत घराघरांतून जितके काम निघते, तितके काम वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यांत क्वचितच निघत असेल.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात हे दिवस व्याख्यानांचे ठरले आहेत. निसर्गाने ते त्याच्या कितीतरी आधी फळांचे ठरवून ठेवले होते. त्यामुळे होते असे की आपण मंडपात बसून ज्ञान घेत असतो, त्या वेळी घरी कोणीतरी कैऱ्या किसत असते. ते कोणीतरी काय करते, कोणत्या ज्ञानाच्या बळावर करते, आणि त्या ज्ञानाचे पुढे काय होणार, एवढ्या तीन गोष्टी मी आज सांगणार आहे. मी कोणत्याही पाकशाळेत शिकलेलो नाही. जे वाचले, विचारले आणि स्वतः करून पाहिले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम फळाचा स्वभाव पाहू. झाडावरून उतरवले म्हणून फळ मरत नाही. ते श्वास घेत राहते, उष्णता सोडत राहते आणि आत बदलत राहते. ह्या बाबतीत फळांच्या दोन जाती आहेत. आंबा, केळे, चिकू, पपई आणि फणस ही फळे पूर्ण वाढीची पण कच्ची उतरवली तरी घरात पिकतात. त्यांतील पिठूळपणाची साखर होते. अननस, द्राक्षे, संत्री, मोसंबी ही फळे उतरवल्यावर पुढे गोड होत नाहीत. झाडाने दिली तेवढीच त्यांची गोडी. म्हणून अननस घेताना बुडाशी वास घेऊन तयार फळ घ्यावे. चार दिवस ठेवून तो मऊ होईल, गोड होणार नाही.

जी फळे घरात पिकतात ती एक वायू सोडतात. त्याला इथिलीन म्हणतात. हा वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. आपल्या आज्या आंब्याची अढी भाताच्या पेंढ्यात घालीत आणि दोनचार दिवसांनी उलथीपालथी करून तयार फळे वेगळी काढीत. त्यांना वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याचे काम नेमके ठाऊक होते. पेंढ्यात ऊब राहते, वायू कोंडला जातो, आणि हवा थोडी खेळती असल्याने फळ घुसमटत नाही. कच्च्या चिकूंत एक पिकलेले केळे ठेवून झाकण घातले तरी तेच घडते. उलट घाई झालेला व्यापारी कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवतो. त्याच्या वायूने साल पिवळी होते, आत मात्र फळ कच्चे आणि आंबट राहते. शिवाय त्या पुडीत आर्सेनिकसारखी विषे असू शकतात. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. साल एकसारखी पिवळीधमक आणि वास मात्र नाही, असा आंबा दिसला की तो नाकाने नापास करावा.

तर फळाचे घड्याळ हे असे चालते. गिरणीचा भोंगा सातला वाजतो तो रोज सातलाच वाजतो. फणसाचा भोंगा केव्हा वाजेल ते फणस ठरवतो. तो पिकला, घरभर वास सुटला, की त्या दिवशी घरात पाहुणे असोत की आजारपण असो, त्याला फोडावेच लागते. आज नाही, उद्या बघू, असे त्याला सांगता येत नाही. फळाला रविवार नसतो.

ह्या घड्याळावर मात करण्यासाठी माणसाने चार उपाय शोधले: मीठ, साखर, ऊन आणि आच. आपल्या घरातले फळांचे सगळे टिकाऊ पदार्थ ह्या चौघांच्या जोरावर उभे आहेत. आणि चौघांचे मर्म एकच आहे. फळ नासवणारे जे सूक्ष्म जीव असतात त्यांना पाणी लागते. मीठ आणि साखर ते पाणी बांधून ठेवतात, ऊन ते उडवून लावते, आणि आच त्या जीवांनाच मारते.

साखरांब्याचे उदाहरण घ्या. पुष्कळ घरांत तक्रार असते की फोडी चामट होतात. कारण असे की कच्ची फोड एकदम दाट पाकात पडली तर पाक तिच्यातले पाणी ओढून घेतो आणि ती आकसते. म्हणून फोडी आधी वाफवून मऊ करून घ्याव्यात, मग साखर घालावी, आणि मंद आचेवर पाक हळूहळू आत मुरू द्यावा.  साखर फोडींच्या वजनाइतकी तरी हवी. कैरी फार आंबट असेल तर दीडपट. साखर कमी केली तर प्रकृतीला बरे, पण मग तो मुरांबा आठवडाभर शीतकपाटात ठेवून संपवण्याचा पदार्थ झाला. वर्षभर टिकावा आणि साखरही कमी असावी, असे दोन्ही एका बरणीत मिळत नाही. बाजारच्या जॅमसाठी शेकडा 65 विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, असा जो दंडक आहे तो ह्याच कारणासाठी.

पेरूची जेली करताना लिंबू पिळतात, त्यालाही कारण आहे. पेरूत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ भरपूर असतो. आंबटपणा आणि साखर ह्यांची जोड मिळाली की तो रसाला धरून ठेवतो आणि रस थरथरणाऱ्या वडीसारखा बसतो. कच्च्या किंवा नुकत्या पाडाला लागलेल्या फळात हे पेक्टिन जास्त, अगदी पिकलेल्या फळात कमी. म्हणून जेलीसाठी सगळे पेरू मऊ घेऊ नयेत. त्यांत थोडे करकरीत असावेत. गोव्यात ख्रिस्ती घरांतून नाताळच्या फराळात पेराद म्हणून पेरूची घट्ट वडी असते, ती ह्याच तत्त्वावर. पोर्तुगिजांच्या बरोबर पेरू, पपई, अननस आणि काजू ही अमेरिकेतील फळे आपल्या किनाऱ्यावर आली. आज ती इतकी आपली झाली आहेत की कोकणातला माणूस काजूला परका म्हणायला धजणार नाही.

उन्हाचे पदार्थ म्हणजे आंबापोळी, फणसपोळी, आमसूल आणि सुकेळी. वसईकडे, आगाशीच्या बाजूला, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधतात. त्यांत साखरेचा कणही घालावा लागत नाही. केळ्याची स्वतःची साखर पाणी उडाल्यावर घट्ट होते. आमसुलाचे काम तर मला नेहमी गिरणीतल्या रंगखात्याची आठवण करून देते. रातांबे धुऊन फोडायचे, साली वेगळ्या करायच्या, गर आणि बिया मिठात घालून रस सोडवायचा, साली त्या रसात बुडवून उन्हात पसरायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा पसरायच्या. अशी पुटांवर पुटे चढली म्हणजे साल काळसर, लवचिक आणि आंबट होते. एका बुडवणीत भागवलेले आमसूल सोलकढीत टाकले की ते ओळखू येते. उरलेल्या बियांचे तेल निघते. ते मेणासारखे गोठते आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. म्हणजे एका फळातून आंबटी, सरबत आणि औषध निघाले, आणि टाकून द्यायला काही उरले नाही.

ही काटकसर फणसात पराकोटीला पोचते. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी होते. कापा फणस चाऊन खायला आणि तळलेल्या गऱ्यांना. बरका फणस, जो हातात घेतला की निसटतो, तो रस काढायला. आठळ्या वाळवून मातीत किंवा राखेत ठेवल्या की पावसाळाभर भाजीत, आमटीत आणि चुलीत भाजून खायला होतात. चार-खंड गुरांना जाते. फणस फोडताना हाताला आणि कोयत्याला गोडे तेल लावतात, कारण त्याचा चीक पाण्याने निघत नाही, तेलाने निघतो. हे रसायनशास्त्र सुद्धा विळीवर बसलेल्या बाईला शाळेवाचून आले आहे.

आता ताज्या फळाच्या पदार्थांकडे वळतो, आणि एक कृती पुरती सांगतो. ती सांदणांची. बरक्या फणसाचे गरे आठळ्या काढून चाळणीवर किंवा रोवळीवर घासावेत; रस खाली पडतो, धागे वर राहतात. दोन वाट्या तांदळाचा रवा चमचाभर तुपावर हलका भाजून घ्यावा, लाल करू नये. त्यात दोन वाट्या रस, रसाच्या गोडीप्रमाणे एक वाटी किंवा थोडा कमी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे आणि चिमूटभर मीठ घालून तासभर झाकून ठेवावे. रवा रस पितो आणि फुगतो. मिश्रण फार घट्ट झाले तर नारळाचे दूध घालून इडलीच्या पिठाइतके सैल करावे. वाट्यांना तुपाचा हात लावून, त्या पाऊण भरून, वीस मिनिटे उकडावे. वाफ जिरल्यावर काढावे आणि नारळाच्या दुधाबरोबर खावे. फणस नसेल तर हापूस किंवा पायरीच्या रसाची सांदणे तशीच होतात. मात्र आंब्याचा रस पातळ असतो, तेव्हा तो बेताने घालावा. ह्यात सोडा नाही आणि आंबवणेही नाही. तरी सांदण जाळीदार आणि हलके होते ते रव्याच्या भरडपणामुळे. बारीक पिठाची सांदणे केली तर ती चिकट होतात.

भाजण्याचा, म्हणजे भट्टीचा प्रकार आपल्याकडे नव्हता असे पुष्कळांना वाटते. तो समज खरा नाही. कोकणात मोठ्या पिकलेल्या काकडीचे धोंडस करतात. काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र शिजवून पातेल्यात थापतात, खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवतात. गोव्यात तिलाच तवसळी म्हणतात. गोव्याचे बेबिंक थरांवर थर देत वरच्या निखाऱ्यांच्या धगीने भाजतात. खालून आच आणि वरून आच, ह्यालाच इंग्रजीत ओव्हन म्हणतात. आपल्या घरी भट्टी होती, फक्त ती वेगळी खोली अडवून बसत नव्हती; पातेले खाली उतरले की भट्टी मोडली.

तीच युक्ती आजही करता येते. ज्यांच्या घरी विजेची भट्टी नाही त्यांनी जुना प्रेशर कुकर घ्यावा, झाकणाचे रबर आणि शिट्टी काढून ठेवावी, तळाशी बोटभर मीठ किंवा वाळू पसरावी, त्यावर एक लहान जाळी. पाणी मुळीच घालू नये. दहा मिनिटे मंद आचेवर तापवून आत तुपाचा हात लावलेले भांडे ठेवावे. ह्यात केळ्याचा केक उत्तम होतो. तीन केळी अशी घ्यावी की ज्यांच्या सालीवर काळे ठिपके पडले आहेत आणि घरातले कोणी ती खायला तयार नाही. पिठूळपणाची साखर पूर्ण झालेली असते ती ह्याच केळ्यांत. ती कुस्करून त्यांत एक वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी पातळ तूप किंवा तेल आणि अर्धी वाटी दही फेटावे. दोन वाट्या कणीक, सपाट लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून शेवटी मिसळावे. मिसळल्यावर मात्र गप्पा मारत बसू नये. दह्यातील आंबटपणा आणि सोडा भेटताच वायू निघू लागतो. तो आत कोंडला गेला तर केक फुलतो, भांडे आत जायला उशीर झाला तर वायू निघून जातो आणि केक बसतो. फार घोटूही नये, नाही तर गव्हाचा चिकटपणा सुटून तो रबरासारखा होतो. पाऊण तासाने मध्ये सुरी घालून पाहावी. कोरडी निघाली की झाला. विजेच्या भट्टीत 180 अंश सेल्सियसवर त्याला साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात.

अननस आणि पपई ह्यांबद्दल एक सूचना देतो. ह्या दोन फळांच्या अंगी प्रथिने तोडण्याची शक्ती असते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा गर लावतात तो ह्याच शक्तीसाठी. हीच शक्ती दुधावर चालली की दूध कडू होते. कच्चा अननस घातलेली खीर थोड्या वेळाने कडवट लागते, किंवा जिलेटिनची जेली काही केल्या बसत नाही, त्याचा दोष करणारीच्या हाताकडे नाही. अननसाच्या फोडी साखर घालून आठदहा मिनिटे चांगल्या उकळाव्यात. आचेने ती शक्ती मरते. मग त्या शिऱ्यात घाला, केकच्या तळाशी रचा, काही होत नाही. आंब्याचे वेगळे आहे. त्याच्या आंबटपणाने गरम दूध फुटू शकते. म्हणून बासुंदी किंवा खीर पुरती निवल्यावरच रस घालावा. आणि एक, आंबट फळाचे काहीही कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात शिजवू किंवा ठेवू नये. पूर्वी कल्हईवाला गल्लीत येई आणि नवसागराच्या धुराने मुलांचा घोळका जमे. त्या कारागिराचा धंदा जवळजवळ बुडाला. पितळेची भांडी मात्र हौसेने पुन्हा घरात येत आहेत. तेव्हा हे सांगणे भाग आहे.

इथवर मी ज्ञानाबद्दल बोललो. आता कामाबद्दल बोलतो, आणि इथे माझ्यातला युनियनवाला बोलू लागला तर आपण क्षमा करावी.

गिरणीत कापूस आत येतो आणि कापड बाहेर पडते, पण मध्ये ब्लोरूम, कार्डिंग, वाइंडिंग, मागखाते अशी खाती असतात. प्रत्येक खात्याचा कसब निराळा आणि दर निराळा. आता फणसपोळीची खाती मोजा. फणस फोडणे. गरे काढणे. आठळ्या वेगळ्या करणे. रस गाळणे. रसाची चव पाहून गूळ-साखर ठरवणे. ताटांना तूप लावून सारख्या जाडीचा थर देणे. ऊन फिरेल तशी ताटे फिरवणे. माश्या, मुंग्या, कावळे आणि घरातली मुले ह्यांपासून राखण करणे. संध्याकाळी ताटे आत घेणे, सकाळी पुन्हा बाहेर मांडणे. थर सुकला की त्यावर दुसरा देणे. शेवटी सोडवून घड्या घालणे. अकरा खाती झाली, आणि सगळी एकच बाई चालवते. हे सगळे मृग लागण्याच्या आत उरकायचे, कारण मृगाचा पाऊस कोणाला रजा विचारत नाही. ही फणसपोळी ताटात येते तेव्हा आपण काय म्हणतो? “छान झाली आहे.” मजुरी चुकती झाली, असे आपल्याला वाटते.

ही माझी नुसती तक्रार नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात ह्याची पाहणी देशभर केली. सहा वर्षांवरील व्यक्तींचा त्यात समावेश होता. घरच्यांसाठी करायच्या बिनपगारी घरकामात दिवसभरात काही ना काही भाग घेणाऱ्या बायका शंभरांत 81 निघाल्या, आणि पुरुष शंभरांत 26. ज्यांनी भाग घेतला त्यांपैकी बायकांनी दिवसाला सरासरी 299 मिनिटे काम केले, पुरुषांनी 97 मिनिटे. 299 मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरचे कामगार लढले, काही फासावर गेले. ह्या पाच तासांसाठी कोणी हजेरीपुस्तक सुद्धा ठेवलेले नाही.

कोकणाचा आणि मुंबईचा संबंध पाहिला तर ही गोष्ट अधिक उघडी पडते. रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले. त्यांच्या मनिऑर्डरीवर घरे चालली, असे आपण म्हणतो आणि ते खरे आहे. पण मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी परत जाताना गाठोड्यात आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, आठळ्या आणि कुळथाचे पीठ घेऊन जाई, आणि त्यावर खोलीतल्या दहा माणसांचे कोरड्यास पुढे कितीतरी दिवस चाले. मनिऑर्डरीची पावती असे; गाठोड्याची नसे. म्हणून इतिहासात मनिऑर्डर नोंदली गेली आणि गाठोडे राहून गेले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा जो मोठा संप सुरू झाला त्यात दोन लाखांवर कामगार होते. तो संप लांबला तेव्हा पुष्कळ कुटुंबे गावच्या ह्या अशा शिदोरीवर तगली. संपाच्या इतिहासात त्या शिदोरी बांधणाऱ्या हातांनाही जागा हवी.

हे काम मोजले तर काय होते, ह्याचीही उदाहरणे आपल्याकडे आहेत. फळांची नसली तरी ती चुलीचीच आहेत. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला आरंभ केला. त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. 1975 साली प्रेमाताई पुरव ह्यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या जागी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. ह्या बायकांच्या हाती जे कसब होते ते संघटनेच्या आधीही होतेच. संघटनेने त्याला हिशेबाची वही दिली.

आपण म्हणाल, ह्या युनियनवाल्याला आता घरोघरी संप घडवायचा आहे काय? मला तसे काही सुचवायचे नाही. साखरांब्याच्या बरणीवर दरपत्रक चिकटवावे असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे तीन मागण्यांत मावते, आणि तिन्ही मागण्या वाटाघाटीने सुटण्यासारख्या आहेत.

पहिली मागणी वजनाची. फळाचे काम जड असते. दहा किलोचा फणस उचलणे, फोडणे, पाट्यावर किंवा चाळणीवर रस घासणे, ताटे गच्चीवर नेणे आणि आणणे, ही कामे ज्याचे मनगट भक्कम त्याची. ह्या मोसमात प्रत्येक पुरुषाने आणि प्रत्येक मुलाने फळाचे एक तरी काम अथपासून इतिपर्यंत स्वतः करावे. मध्येच लुडबूड करून “मी मदत केली” असे म्हणण्याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत. विळी धुऊन, चीक पुसून, साली टाकून झाल्या म्हणजे पाळी संपली.

दुसरी मागणी नोंदीची. “अंदाजाने घाल” ह्या एका वाक्याने आपल्या किती पाककृती बुडाल्या असतील ह्याची गणती नाही. अंदाज हे मोठे ज्ञान आहे, पण ते माणसाबरोबर जाते. कमलाबाई ओगले ह्यांचे “रुचिरा” 1970 साली आले आणि घराघरांत पोचले, त्याचे एक कारण असे की त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले. नव्या संसारातल्या मुलीला त्या मापाचा आधार झाला. आपल्या घरात सत्तरीच्या पुढची कोणी बाई असेल तर ह्या मे महिन्यात वही आणि वाटी घेऊन तिच्याजवळ बसा. ती मूठभर म्हणेल तेव्हा ती मूठ वाटीत ओतून मोजा. कोणत्या झाडाचा आंबा ती कशाला घेते ते लिहा. रायवळ आंब्याचे सासव हापूसचे करून भागत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिच्यानंतर ते कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे.

तिसरी मागणी दामाची. कोकणातून येणारे आमसूल, आंबापोळी, सुकेळी आपण विकत घेतो तेव्हा घासाघीस करतो. त्याच दुकानात रंगीत कागदात गुंडाळलेल्या परदेशी चॉकलेटचा छापील भाव मात्र निमूट देतो. घासाघीस करण्यापूर्वी मी मघाशी सांगितलेली अकरा खाती मनात मोजावीत. त्याच वेळी कित्येक वाड्यांत फणस झाडाखाली पडून कुजतात आणि काजूची बोंडे बी काढून फेकून दिली जातात. हात कमी पडतात आणि मोबदला परवडत नाही, म्हणून हे घडते. रास्त दाम मिळाला तर हात परत येतील. हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. तो गिरणीला लागू पडतो आणि वाडीलाही लागू पडतो.

मंडळी, मी इथे येताना मंडईवरून आलो. रातांबे आले आहेत, बरके फणस आले आहेत, पायरी अजून महाग आहे. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. उद्या सकाळी ज्यांना सवड असेल त्यांनी एक फणस घरी न्यावा आणि विळीला तेल लावून स्वतः बसावे. ह्या विषयावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर तो फणस संपवून मग घालावा; चीक लागलेल्या हाताने माणूस खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे.